न चढलेली हजेरी

गडचिरोलीतल्या पर्लकोटा नदीला पूर आला की आलापल्ली–भामरागड रस्ता बंद पडतो, हे प्रशासनाला वर्षानुवर्षे ठाऊक आहे. म्हणून दुर्गम गावांत पावसाळ्याआधीच धान्य पोहोचवून ठेवण्याची पद्धत पडली. नदी आडवी आली म्हणून कोणी गावकऱ्याला दोषी धरत नाही. पण रेंज गेली, सर्व्हर बसला किंवा अंगठा उमटला नाही, की हेच प्रशासन शांतपणे म्हणते, ‘उद्या या.’

रोजगार हमीच्या कामांवर 1 जानेवारी 2023 पासून मोबाइलवरची हजेरी सगळीकडे सक्तीची झाली. मेटने, म्हणजे कामावरच्या मुकादमाने, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, त्याला वेळ आणि ठिकाण चिकटणार आणि तो वर जाणार. हेतू वाईट नव्हता. ज्या महाराष्ट्राने 1972 च्या दुष्काळात ही योजना उभी केली आणि 1977 मध्ये तिचा कायदा केला, त्याला खोटी मस्टरे नवी नाहीत. पण एटापल्लीच्या जंगलात किंवा जिवतीच्या डोंगरात फोटो चढलाच नाही तर? माती तर खणून झालेली असते.

माहितीची ने-आण करणारी सॉफ्टवेअरे बनवणाऱ्यांनी या प्रश्नाचा विचार केव्हाच केला आहे. अपाची नायफाय हे त्यातले एक. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत ते घडले आणि 2014 मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्यातल्या बहुतेक टप्प्यांना ‘जमले’ आणि ‘फसले’ अशा दोन वाटा असतात. फसलेल्या नोंदीचे काय करायचे हे सांगितल्याशिवाय तो टप्पा सुरूच होत नाही. ती फेकून द्यायची असेल तरी तशी खूण स्वतःच्या हाताने करावी लागते. दोन टप्प्यांमध्ये रांग असते. आपण काही बदलले नसेल, तर 10,000 नग किंवा 1 जीबी साचताच मागचा टप्पा आपोआप थांबतो. त्यामुळे रांग तुंबली की जाणता माणूस मागच्याला झापत बसत नाही. पुढे डेटाबेस सुस्तावला आहे का, जोडणी मध्येच तुटते का, परवान्याची मुदत संपली का, हे तो आधी पाहतो. रांगेतल्या नोंदीला मुदत घालता येते आणि ती संपली की नोंद पुसली जाते. पण मूळची मुदत शून्य ठेवलेली आहे, म्हणजे आपण सांगितल्याशिवाय काहीच पुसायचे नाही.

यंत्राला शिकवलेली ही सभ्यता आपण योजनेला शिकवली नाही. इथे पुढची वाट अडली तरी मागचा माणूस थांबू शकत नाही. तो सकाळीच कुदळ घेऊन गेलेला असतो. फसलेल्या हजेरीचे काय, हे न ठरवताच आपण कळ दाबली. 

याचा हिशेब पाहा. मजुरी पंधरा दिवसांत द्यायची आणि उशीर झाल्यास सोळाव्या दिवसापासून रोज 0.05 टक्के भरपाई द्यायची, असे रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्याने, म्हणजे मनरेगाने, ठरवले होते. ही मोजणी मस्टर बंद झाल्यापासून सुरू होते. ज्या मजुराची हजेरी मस्टरवर चढलीच नाही, त्याच्या बाबतीत कागदोपत्री उशीरही होत नाही. तक्रारीला जागाच उरत नाही, आणि अहवाल मात्र स्वच्छ दिसतो.

स्वच्छ अहवालांचे खरे रूप गडचिरोलीने पूर्वीही पाहिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि गावागावांत जन्म-मृत्यू मोजायला घेतले. पुढे 2001 च्या ‘कोवळी पानगळ’ अहवालाने दाखवून दिले की राज्यातले बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. मुले दगावत होती, फक्त वर कळत नव्हते.

कागदी मस्टर चालू ठेवा, न चढलेल्या हजेऱ्यांची यादी वेगळी लावा, मजुरी आधी द्या आणि पडताळणी नंतर करा, असे म्हटले की अधिकारी विचारतात, मग बोगस नावांचे काय? ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा गावाने 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला आणि आपला बांबू ग्रामसभेमार्फत विकून दाखवला. एखाद्या मंगळवारी बांधावर कोण होते आणि कोण नव्हते, एवढे अशा ग्रामसभेला सांगता येईल.