सोडायला ते आपलं असावं लागतं



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय 18, श्लोक 7 ते 9.

या तीन श्लोकांत भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. वाट्याला आलेलं कर्म मोहामुळे सोडलं तर तो तामस त्याग. त्रास होईल, शरीराला कष्ट पडतील या भीतीने सोडलं तर तो राजस, आणि अशा त्यागाचं फळ मिळत नाही. कर्म करायलाच हवं म्हणून केलं आणि सोडली ती फक्त आसक्ती आणि फळाची अपेक्षा, तर तो सात्त्विक त्याग. म्हणजे गीतेच्या हिशेबात ‘सोडून दिलं’ एवढं म्हणून भागत नाही. काय सोडलं आणि का सोडलं, हे दोन्ही विचारलं जातं.

हे श्लोक मी पूर्वी अनेकदा वाचले आहेत. या वेळी मात्र ते एका बंद पडत चाललेल्या हार्ड डिस्कसमोर बसून वाचले.

आमची आजी रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर हरिपाठ म्हणायची. तिच्या शेवटच्या चार वर्षांत आईने ते मोबाईलवर रेकॉर्ड केलं. रोज नाही, जमेल तसं. अशा 412 फाईल्स होत्या. आजी गेल्यावर वर्षभराने आईचा फोन बदलायचा होता, तेव्हा मी त्या सगळ्या माझ्या 1 टीबीच्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर घेतल्या. आईने विचारलं, “अजून एक कॉपी करून ठेवलीस ना गं?” मी लॅपटॉपवरून मान वर न करता म्हटलं, “हो.” केली नव्हती. रविवारी करू असं मनात होतं. आईने माझ्या शब्दावर जुना फोन एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. तो रविवार सहा वर्षं उगवला नाही.

मागच्या महिन्यात डिस्क लावली तर फोल्डर उघडायला चार-पाच मिनिटं लागायला लागली. मधूनच ‘टक्’ असा आवाज यायचा. मी घाबरून जे करू नये ते सगळं केलं. सात-आठ वेळा वायर काढून लावली. ‘डिस्क तपासून दुरुस्त करू का’ असं स्क्रीनवर आलं, त्याला ‘हो’ म्हटलं. मग डिस्क दिसायचीच बंद झाली.

आईला सांगताना माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? “आई, शेवटी सगळं नश्वरच आहे गं. वस्तूंत किती अडकायचं?”

आई म्हणाली, “नश्वर आहे ते मला माहितीये. मी आईला पोहोचवून आलेय. तू कॉपी केली होतीस ना?”

मी गप्प बसले. आईला उत्तर कळलं.

आज मला या गप्प बसण्याबद्दलच लिहायचंय. हार्ड डिस्क सगळ्यांच्याच बिघडतात. पण मी माझा आळस आणि माझं खोटं झाकायला वैराग्याचा शब्द वापरला, आणि तोही आईसमोर. आपण नामस्मरण करणारी, सत्संगाला जाणारी मंडळी हे किती सहज करतो! काम राहिलं की ‘देवाची इच्छा’. नातं सांभाळायचा कंटाळा आला की ‘मी आता अलिप्त झालोय’. शब्द सात्त्विक, आतला माल तामस.

कुणी म्हणेल, गीतेतलं ‘नियत कर्म’ कुठे आणि तुमच्या फाईलची कॉपी कुठे! प्रश्न बरोबर आहे. बॅकअप घ्या असं शास्त्रात लिहिलेलं नाही. पण ठेव घेतली की ती सांभाळायचं कर्म आपोआप वाट्याला येतं. आईने माझ्याकडे ठेव ठेवली होती. ‘हो’ म्हटलं त्या क्षणी ते माझं नियत कर्म झालं होतं.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा तुकोबांची आठवण झाली. पुण्यापासून तीसेक किलोमीटरवर देहू, आणि देहूची ती इंद्रायणी. परंपरेत या नदीच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींत कागद बुडतात. पहिल्या गोष्टीत तुकोबा स्वतःच्या हाताने कर्जखतं इंद्रायणीत सोडतात. लोकांकडून येणं होतं त्याचे ते कागद. दुसरीत त्यांच्या अभंगांच्या वह्या त्याच नदीत बुडवायला लावल्या जातात, आणि तुकोबा काठावर अन्नपाणी सोडून तेरा दिवस बसून राहतात.

माणूस तोच, नदी तीच. मग एकदा इतकं सहज सोडणं आणि एकदा इतकं हट्टाने बसून राहणं, हे कसं? अभंग नश्वर नव्हते का? कागदच होता की तोही!

याचं उत्तर मला पहिल्याच गोष्टीच्या एका तपशिलात सापडलं. सांगताना आपण तो बहुतेक वेळा गाळतो. तुकोबांनी सगळी खतं बुडवली नाहीत. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांना आधी देऊन टाकला आणि फक्त स्वतःचा वाटा पाण्यात सोडला. एवढा विरक्त माणूस, पण भावाच्या हक्काचं परस्पर सोडून द्यायचा अधिकार त्याने स्वतःकडे घेतला नाही.

आपण सोडू शकतो ते फक्त आपलं. दुसऱ्याचं सोडणं म्हणजे त्याग नाही, हलगर्जीपणा. तुकोबांच्या दृष्टीने अभंग त्यांचे नव्हतेच, विठ्ठलाने बोलवून घेतलेले होते. म्हणून येणं सोडताना त्यांना कष्ट झाले नाहीत आणि ठेवीसाठी मात्र ते काठ सोडून उठले नाहीत. आजीच्या आवाजावर माझा जेवढा हक्क होता तेवढा मी सोडलाही असता. पण आईचा वाटा मी कसा बुडवणार?

दुसऱ्या दिवशी तपकीर गल्लीतून 2 टीबीची नवीन डिस्क आणली आणि नीट वाचून कामाला लागले. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून थोडं सविस्तर सांगते.

हार्ड डिस्कच्या आत एक चकती फिरते, माझ्या डिस्कसारखीत मिनिटाला 5,400 वेळा. वाचणारं हेड तिच्यावर टेकत नाही, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरावर तरंगतं. डिस्क बिघडायला लागली की प्रत्येक वेळी वाचणं म्हणजे तिच्या उरलेल्या आयुष्यातून खर्च करणं. म्हणून आधी थांबायचं. टक् टक् आवाज सतत येत असेल तर घरी काहीच करायचं नाही, ज्यांच्याकडे धूळविरहित खोली आहे अशा जाणकारांकडे न्यायची. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना उपाय अजिबात करायचा नाही, आत दव धरतं. ‘दुरुस्त करा’ म्हणायचं नाही, कारण दुरुस्ती म्हणजे त्याच आजारी डिस्कवर पुन्हा लिहिणं. आणि सापडलेलं कधीही त्याच डिस्कवर साठवायचं नाही.

माझी डिस्क एका रात्रीच्या विश्रांतीनंतर पुन्हा दिसायला लागली, हे नशीब. पेन ड्राईव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि ‘डीडीरेस्क्यू’ नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला. त्याची रीत मला फार आवडली. जे सहज वाचता येतं ते तो आधी उचलतो. जिथे अडतं तिथे डोकं आपटत बसत नाही, खूण करून पुढे जातो. चांगला भाग सुरक्षित झाला की मग परत येऊन अवघड जागा थोड्या थोड्या करून वाचायचा प्रयत्न करतो. काय मिळालं आणि काय नाही याचा नकाशा तो एका फाईलमध्ये प्रामाणिकपणे लिहीत जातो. आदल्या दिवशी मी याच्या बरोब्बर उलटं करत होते: अडलेल्या जागी जोर आणि कबुलीच्या जागी तत्त्वज्ञान!

दोन रात्री आणि एक दिवस लागला. पंखा डिस्कच्या दिशेने लावून मी शेजारी जपमाळ घेऊन बसले होते. खरं सांगते, जपात लक्ष नव्हतं. ‘मिळू दे, मिळू दे’ हेच चाललं होतं. दुसऱ्या रात्री कधीतरी जाणवलं, आता माझ्या हातात काही उरलेलं नाही. करायचं ते केलंय. फळाची अपेक्षा सोडायची जागा ही होती, कामाच्या या टोकाला. मी ती आधीच, काम सुरू व्हायच्या आत सोडून मोकळी झाले होते.

380 फाईल्स धड मिळाल्या. 21 मध्ये मधेमधे आवाज तुटतो. 11 मिळाल्याच नाहीत. त्या अकरात आईला सगळ्यांत हवी होती ती एका आषाढीची फाईल आहे. आजी म्हणता म्हणता ओळ विसरते, बेल वाजते, आणि ती हसत म्हणते, “बघ, आठवून द्यायला कोण आलंय.” ती गेली.

मावसभाऊ म्हणाला, “अगं, एवढा आवाज आहे ना, एआयने तयार करून देतो. काकूंना कळणारही नाही.” त्याने प्रेमानेच सांगितलं होतं, मोहही झाला. पण एकनाथ महाराज आठवले. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पुढे जवळपास तीनशे वर्षांत नकला करता करता तिच्यात पाठभेद शिरले. नाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि शेवटी बजावलं की यात कुणी आपली ओवी घालू नये. ज्यांच्या नावावर एवढं स्वतंत्र लेखन आहे त्यांनी तिथे स्वतःचा शब्द घातला नाही. आपल्या पुण्यातल्या भांडारकर संस्थेनेही हीच शिस्त पाळली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 अशी चालली, 1,259 हस्तलिखितं पाहिली गेली. आणि जिथे पाठाची खात्री नव्हती तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ मारून ठेवली. वाचवणाऱ्याने पोकळी पोकळी म्हणूनच ठेवायची असते. एक खोटं झाकायला मी दुसरं, आजीच्या आवाजातलं, कसं तयार करणार?

म्हणून आईसमोर बसले आणि सगळं सांगितलं. तेव्हा ‘हो’ म्हटलं ते खोटं होतं, आणि ‘नश्वर’ म्हटलं तेही लपवायलाच. आईने ऐकून घेतलं, उठली आणि कुकर लावला. दोन दिवस कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून म्हणाली, “लाव त्यातलं एक.” मी 21 पैकी एक तुटकी फाईल लावली. आवाज तुटला तिथे आईने ओळ पुरी केली, पुन्हा आजीचा आवाज आला तशी थांबली.

आता तीन प्रती आहेत: एक लॅपटॉपवर, एक नव्या डिस्कवर, एक नाशिकला मामाकडे. डिस्कवर आईने स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलीये. हे सगळंही एक दिवस जाणारच. जाईल तेव्हा मी ‘नश्वर’ हा शब्द वापरीन, पण त्या दिवसापर्यंतचं माझं काम झालेलं असेल.

आज एवढंच करू या. ‘मी हे सोडून दिलंय’ असं आपण ज्याबद्दल म्हणतो अशी एक गोष्ट आठवायची आणि स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. ते माझं होतं का? आणि मी ते सोडलं, की करायचं टाळलं?

आणि हो, कुणाला ‘हो, केलंय’ असं सांगून ठेवलं असेल तर आजच करून टाका. रविवारची वाट बघू नका.

राम कृष्ण हरी.