घारीचा पंख, सॅलॅमँडरचा पाय

वाघोलीच्या आकाशात घारी रोज दिसतात. घार म्हणजे ताकद, असं आपण धरूनच चालतो. सॅलॅमँडर मात्र महाराष्ट्रात नाही. दार्जिलिंगच्या डबक्यांत आहे. संथ, ओलसर, पालीसारखा दिसणारा, पण बेडकाचा नातलग. त्याचा पाय तुटला तर हाडासकट नवा उगवतो. संक्रांतीला नायलॉन मांजाने घारीचा पंख कापला गेला, तर तो परत येत नाही.

मग बळकट कोण? सॅलॅमँडर म्हणावं, तर त्याचं डबकं बुजवून पाहा. पाय नवा येईल, डबकं येणार नाही. घारीचं मात्र कचऱ्याच्या ढिगावरही भागतं.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना बिघाडातून आपोआप सावरणाऱ्या सिस्टिमचं कौतुक. तोच निकष आपण माणसांनाही लावतो: 'तो स्ट्राँग आहे, सावरेल.' आणि हात झटकतो. पण प्रत्येकाचं सावरणं कुठेतरी संपतं. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. ती पाळणं घारीच्या हातात नाही, आपल्या आहे.

म्हणून कोण किती सोसतं, हे विचारू नये. कोणाला स्वतःचं काय दुरुस्त करता येत नाही, हे विचारावं. आपली जबाबदारी तिथून सुरू होते.