अंगणाचा उतार

खान्देशातल्या प्रकाशा या गावाला दक्षिण काशी म्हणतात. तापी आणि गोमाईचा संगम, काठावर केदारेश्वराचं देऊळ आणि शेजारी जुन्या वस्तीची पांढर. 1955 साली बी. के. थापर यांनी ही पांढर खणली, तेव्हा अगदी तळाशी ताम्रपाषाण काळातल्या माणसांची भांडीकुंडी निघाली. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वीही इथं लोक राहत होते. नदीचं पाणी जवळ हवं, पण घरात नको, एवढं ते जाणून असावेत.

याच गावात एका घरचा मुलगा बरीच वर्षं सुरतेला होता. नदी तीच, उकाई धरण ओलांडून तापीच पुढं सुरतेला जाते. तिथल्या बंगल्यांपुढची हिरवळ त्याच्या डोळ्यांत भरली होती. गावी परत आल्यावर त्यानं आपलं अंगण पाहिलं. एका कडेला निंब, मोरीचं पाणी वाट फुटेल तिकडं, पावसाळ्यात चिखल. अंगण नीटनेटकं करावं असं त्याला वाटलं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. त्यानं मोबाइलमधले फोटो आईला दाखवले. निम्म्या अंगणात पेव्हर ब्लॉक, पलीकडं लॉन, कुंपणाला आसोपालवाची रांग. निंबाचा पाला पडतो म्हणून निंब तोडायचा.

आईनं फोटो पाहिले आणि विचारलं, "पानी कथा जाई रे भाऊ?"

"पाणी कशाला कुठं जाईल? सगळं सपाटच करतोय."

आई काही बोलली नाही. पाण्यानं भरलेला हंडा आणला आणि उंबऱ्यापाशी हळूहळू रिता केला. पाणी आधी थोडं घुटमळलं, मग तुळशीला वळसा घालून निंबाच्या बुंध्याकडं गेलं. एक बारकी धार मात्र उलटी फिरून ओट्याच्या कोपऱ्यात साचली. चुलीतली राख चिमटीनं सोडत आईनं त्या ओल्या वाटेवर रेघ ओढली. मुलगा हसला. त्याच्याकडं मोजपट्टी होती, ठेकेदार होता आणि आगाऊ रक्कमही दिलेली होती.

निंब वाचला तो आखाजीमुळं, म्हणजे अक्षय्य तृतीयेमुळं. बहीण माहेरी येणार, झोका बांधायचा तर फांदी हवीच. तेव्हा बाकीचं काम आधी उरकून झाड आखाजीनंतर पाडायचं ठरलं. पण वैशाखात प्रकाशाला ऊन कसं असतं ते खान्देशच्या माणसाला सांगायला नको. नवे ब्लॉक दुपारी असे तापत की अनवाणी पाय टेकवत नसे. चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी पिऊनही लॉन पिवळं पडलं. पाहुणे, शेजारी, कुत्री, सगळी निंबाखाली. पुढं झाड तोडायचा विषयच निघाला नाही.

खरी गंमत आषाढात झाली. तापीकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी पिऊन फुगते. तिच्यावर फरसबंदी करायची तर वरची माती काढून मुरूम भरून धुमस करावा लागतो. ठेकेदारानं नुसती वाळू पसरून ब्लॉक मांडले होते. (ठेकेदाराला दोष देणं सोपं आहे, पण घाई मालकालाच होती.) दोन मोठे पाऊस झाले आणि ब्लॉक वरखाली झाले. उतार ठेवलेलाच नव्हता, त्यामुळं छपराचं पाणी थेट उंबऱ्याशी तुंबलं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी हजार लिटर पाणी होतं. ते कुठंतरी जाणारच.

रात्री बादलीनं पाणी उपसताना मुलानं आईला विचारलं, "ती राखेची रेघ कुठून गेली होती?"

दिवाळीनंतर त्यानं अंगण पुन्हा केलं, या वेळी विचारून विचारून. सगळा उतार निंबाकडं काढला. पन्हाळीचं पाणी निंबापासून थोडं लांब शोषखड्ड्यात सोडलं. मोरीच्या पाण्यावर कर्दळ, आळू आणि केळीचे दोन कंद लावले. दुपारनंतरचं ऊन भिंतीला लागू नये म्हणून पश्चिमेला शेवगा, देवळात जायच्या वाटेवर बेल, दाराशी पारिजातक. मधली जागा आईनं मोकळीच ठेवायला सांगितली, मिरच्या आणि पापड वाळवायला. फोटोत अशी जागा रिकामी दिसते, पण घरात सगळ्यात जास्त वापर तिचाच.

उखडलेले ब्लॉक फुकट गेले नाहीत. खाली मुरूम भरून निंबाभोवती पार बांधला, त्याला ते पुरले. आसोपालव तेवढा जगला नाही.