उजेड मोजा, मग तक्रार करा

ऑर्किडच्या फुलाचा रंग फिका आला की नर्सरीवाल्याच्या नावानं खडे फोडायचे, हे आजपासून बंद करा. घेतलं तेव्हा गर्द जांभळं होतं, घरी दुसऱ्या बहराला धुतल्यासारखं आलं, म्हणजे त्यानं फसवलं, अशी तक्रार या वर्गातल्या कितीतरी जणांनी माझ्याकडे केली. रोप घरात कुठे ठेवलं होतं ते एकानंही आपणहून सांगितलं नाही. मी खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. टीव्हीच्या शेजारी. जेवणाच्या टेबलावर. पुस्तकांच्या कपाटात वरच्या खणात. एकीनं तर न्हाणीघरात ठेवलं होतं, कारण ऑर्किडला दमट हवा लागते असं तिच्या वाचनात आलं होतं. लागते, पण त्याच पानावर पुढे उजेडाबद्दल लिहिलेलं असणार. ते का नाही वाचलं?

रोप तेच आहे, त्याची जनुकंही तीच आहेत. रंग तयार करायला जे लागतं ते तुम्ही त्याला दिलेलं नाही.

मिनी फॅलेनोप्सिस या ऑर्किडचा जांभळा, गुलाबी, किरमिजी रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा असतो. तो पाकळीत आधीपासून भरून ठेवलेला नसतो. कळी वाढत असताना पाकळीच्या पेशी तो स्वतः बनवतात आणि आपल्या रिक्तिकांमध्ये साठवतात. या कामात उजेडाचे दोन वाटे आहेत. पहिला साखरेचा. अँथोसायनिनच्या रेणूला साखर जोडलेलीच असते, आणि साखर येते पानांतून, प्रकाशसंश्लेषणातून. अंधाऱ्या कोपऱ्यातलं पान कसंबसं स्वतःपुरतं कमावतं, ते कळीला काय देणार? दुसरा वाटा इशाऱ्याचा. निळा प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम आणि लाल प्रकाश ओळखणारी फायटोक्रोम अशी प्रथिनं वनस्पतीत असतात. पुरेसा उजेड आहे अशी खबर त्यांच्याकडून गेली, की रंगाची विकरं बनवणारी जनुकं कामाला लागतात. म्हणजे तुम्ही उजेड तोडलात तेव्हा मालही तोडलात आणि हुकूमही.

आणि हे सगळं घडतं कळी बंद असताना. फूल फिकं उमलल्यावर कुंडी धावत खिडकीत नेणारे आहेत इथे, मला माहीत आहेत. उमललेल्या पाकळीवर उजेड दाखवून रंग चढत नाही. कडक उन्हात ती लवकर विटते, इतकंच होतं.

'पण आमच्या हॉलमध्ये भरपूर उजेड आहे' हे वाक्य मला पुन्हा ऐकायचं नाही. तुमचा डोळा कमी उजेडाशी क्षणात जुळवून घेतो, म्हणून तुम्हाला भरपूर वाटतो. निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे १,००,००० लक्स उजेड असतो. फॅलेनोप्सिसला दिवसाच्या भरात १०,००० ते १५,००० लक्स हवेत, छोट्या कॅटलिया ऑर्किडांना २०,००० ते ३०,०००. दिवाणखान्यातल्या टेबलावर २०० लक्स मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे गरजेचा पन्नासावा हिस्सा! तेवढ्यावर झाड महिनोन्‌महिने हिरवं राहतं, हे त्याचं सोसणं आहे. तुम्ही त्याला आरोग्य समजता. ऑर्किडचं पान काळपट गर्द हिरवं झालं की तुम्ही खूश होता, पण ते उपाशी पान आहे. धडधाकट पान किंचित पोपटीकडे झुकतं. लक्स मोजणारं अॅप प्रत्येकाच्या फोनवर चालतं, अंदाजापुरतं ते पुरेसं आहे. तेही जमत नसेल तर दुपारी पानांच्या वर वीतभर हात धरा. सावली पडलीच नाही तर जागा बाद. कडा पुसट असलेली सावली फॅलेनोप्सिसला चालते. काठ धारदार दिसला तर त्याला तिथे ऊन जास्त होतंय.

आता खिडकी. तुमच्यातल्या शहाण्यांनी परदेशी पुस्तक वाचून 'दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली' असं पाठ केलं आहे. ते पुस्तक लिहिणारा माणूस चाळीस-पन्नास अक्षांशांवर राहतो. पुणं साडेअठरावर आहे, मुंबई एकोणिसावर. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस म्हणून गच्चीत उभे राहून फोटो काढता ना? त्या दिवसापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडे असतो. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत दुपारचं ऊन येतच नाही. डिसेंबरात मात्र तेच ऊन खोलीत आतपर्यंत घुसतं. एकच खिडकी वर्षातून दोनदा वेगळी होते, आणि तुम्ही कुंडी एकदा ठेवलीत ती ठेवलीत! आपल्याकडे पूर्वेची खिडकी बारा महिने भरवशाची, कारण सकाळचं ऊन कोवळं असतं. त्यातही काचेवरची काळी फिल्म, ग्रिलवरची धूळ आणि बाहेर वाळत घातलेल्या चादरी किती उजेड खातात ते मोजून बघा. पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे आभाळ उतरलेलं असतं, तेव्हा तर चांगली खिडकीही तोकडी पडते. दिवा लावायचा तो तेव्हा.

दिव्याचाही तुम्ही घोळ घातलात. लाल-निळे एलईडी असलेला जांभळा दिवा आणून त्याच्याचखाली फोटो काढायचा आणि रंग गर्द आला म्हणून सगळ्यांना पाठवायचा, याला निरीक्षण म्हणत नाहीत. त्या प्रकाशात पांढरी पाकळीसुद्धा जांभळी दिसते. शिवाय फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनानं बदलतो. फूल बघायचं ते दिवसाउजेडी, उन्हाबाहेर, पांढऱ्या कागदाशेजारी धरून. माझं मत विचाराल तर घरात पांढरा एलईडीच लावा. त्यात निळाही असतो, लालही असतो, आणि झाडाची तब्येत तुमच्या डोळ्यांना खरी दिसते. दिवसाचे बारा तास पुरेत. रात्रभर जळता ठेवू नका. फॅलेनोप्सिस कार्बन डायऑक्साइड मुख्यतः रात्रीच आत घेतं, त्याला अंधारही लागतो.

उजेड वाढवूनही रंग आला नाही असं सांगणारे दोघे-तिघे आहेत. त्यांनी कुंडी पश्चिमेच्या खिडकीत ठेवली होती. उजेडाबरोबर उष्माही वाढवलात! तापमान २८ अंशांच्या वर राहिलं तर फॅलेनोप्सिसला फुलांचा दांडाच फुटत नाही. आपल्याकडे तो थंडीत फुटतो आणि कळ्या फुगेपर्यंत उन्हाळा दारात येतो. उष्ण रात्री पेशींमध्ये अँथोसायनिन कमी बनतं आणि बनलेलंही मोडतं, वर साखर श्वसनात खर्च होते. तैवानच्या आणि नेदरलँड्सच्या हरितगृहांत ही रोपं आखीव तापमानात वाढवतात. तुम्ही विकत घेताना पाहिलेला रंग तशा हवेतला होता.

लाल मिनी कॅटलियांचं तर मला फार वाईट वाटतं. त्यांचा लाल रंग बऱ्याचदा ब्राझीलमधल्या कॅटलिया कॉक्सिनियाकडून आलेला असतो. जुन्या पुस्तकांत ती सोफ्रोनायटिस या नावानं भेटेल. समुद्राकाठच्या सेरा दो मार डोंगररांगेतली, धुक्याच्या थंड जंगलात वाढणारी ही एवढीशी वनस्पती. तिच्या लालात दोन थर आहेत, खाली कॅरोटिनॉइडांचा पिवळा-नारिंगी आणि वर अँथोसायनिनचा तांबडा. उजेड कमी आणि हवा गरम झाली की वरचा थर विरळ होतो, खालचा तसाच राहतो, आणि तुम्हाला नारिंगी फूल मिळतं. नर्सरीवाल्यानं दुसरंच रोप दिलं असं तुम्ही ठरवता. एका नारिंगी फुलामागे किती कारणं उभी आहेत याची चौकशीसुद्धा करावीशी वाटली नाही?

पण म्हणून उद्या सगळ्यांनी सगळ्या कुंड्या उन्हात मांडू नका. पांढऱ्या जातीत अँथोसायनिनची वाटच बंद असते, कितीही उजेड दिला तरी ती गुलाबी होणार नाही. हिरव्या फुलांचं आणखी वेगळं. हिरव्या सिंबिडियम ऑर्किडच्या कळ्यांवर जाणते लोक मुद्दाम सावली धरतात, नाहीतर हिरवा पिवळटतो किंवा त्यावर लाली चढते. कुठला रंग कुठल्या द्रव्याचा हे आधी ओळखायचं, मग जागा ठरवायची.

आत्ता उमललेली फुलं आहेत तशीच राहू द्या, त्यांचं काही होणार नाही. कामाला लागायचं ते दिवाळीनंतर, दांडा दिसायच्या आधी. कुंडी खिडकीकडे एकदम नेऊ नका. अंधाराला सरावलेलं पान एका दुपारीत करपतं. दोन-तीन आठवड्यांत थोडी थोडी पुढे सरकवा, आणि पान हाताला गरम लागलं तर लगेच मागे घ्या. एक वही करा. तीत तारीख, दुपारी बाराचे लक्स आणि खोलीतलं रात्रीचं तापमान लिहा. फेब्रुवारीत कळ्या फुगल्या की ती वही घेऊन माझ्याकडे या. रंगाबद्दल तेव्हा बोलू.