संघ म्हणजे नेमकं कोण?

घोरावाडी स्टेशनपासून गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम फार लांब नाही. आयपीएलमधले पुण्याचे दोन संघ इथे खेळले. वॉरियर्स 2013 मध्ये संपले. दोनच वर्षांसाठी आलेला सुपरजायंट 2017 ची फायनल एका धावेने हरला आणि गेला. खेळाडू धडधाकट होते, ते दुसऱ्या संघांत गेले. संघ तेवढा उरला नाही.

रशियात उलटं घडलं. 7 सप्टेंबर 2011 ला यारोस्लाव्हलच्या लोकोमोटिव्ह या आइस हॉकी क्लबचं विमान उडतानाच कोसळलं. 44 माणसं गेली, जवळपास अख्खा संघच गेला. त्या मोसमात क्लब वरच्या लीगमध्ये उतरला नाही. पुढच्या मोसमात नवी माणसं घेऊन परतला आणि 2025 मध्ये गागारिन चषक जिंकला.

म्हणजे खेळाडू गेले तरी संघ उरू शकतो, आणि खेळाडू असूनही मरू शकतो. मला वाटतं, गेलेल्यांचं ओझं आपलं मानणारी माणसं असतील, तोवर संघ असतो.

मालकांनी धंदा पाहिला, खरंय. पण 2018 मध्ये चेन्नईने गहुंज्यात ‘घरचे’ सामने खेळले, तेव्हा पिवळी जर्सी घालून ओरडणाऱ्यांत मीही होतो. पुण्याची आठवण मला एकदाही आली नाही.