पहिली सपाटी कुठून आली?

खंडेनवमीला डोंबिवली एमआयडीसीत लेथला झेंडूचा हार पडतो, मायक्रोमीटरलाही हळदकुंकू लागतं. (माझ्यातल्या फिटरचा तेव्हा जीव वरखाली होतो, ते वेगळं.) पुढे कधीतरी तोच लेथ किलोच्या भावाने भंगारात जातो. मला त्यात पाप दिसत नाही. आवाहन केलं की विसर्जन आलंच. विसर्जन कशाचं करू नये, एवढाच प्रश्न आहे.

त्यासाठी आधी भारतीय दर्शनांतला एक जुना वाद. ज्ञान खरं कशावरून? नैयायिक म्हणतात, दुसऱ्या ज्ञानावरून. मग ते तरी खरं कशावरून? ही अनवस्था, न संपणारी साखळी, असा मीमांसकांचा आक्षेप. ते म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण. आमच्या शॉपवर हाच वाद रोजचा. जॉब मायक्रोमीटरने तपासायचा, मायक्रोमीटर स्लिप गेजने, स्लिप गेज त्याहून अचूक गेजने. लेथचा बेड सरळ हवा, तर तो ज्या मशीनवर केला तिचाही सरळ हवा. मग पहिली सरळ वस्तू कुणी केली?

ती हातानेच झाली. इंग्लिश इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थने १८४० मध्ये ग्लासगोला ही रीत विद्वानांपुढे मांडली. बिडाच्या तीन प्लेट घ्यायच्या. एकीला निळा रंग लावून दुसरीवर फिरवायची आणि रंग लागेल तो उंचवटा स्क्रेपरने खरवडायचा. दोनच प्लेट घेतल्या तर फसगत होते. एक फुगीर, दुसरी खोलगट, तरी दोघी नीट जुळतात. म्हणून पहिलीशी जुळवलेल्या दुसरी आणि तिसरी एकमेकींवर ठेवायच्या, की लपलेला दोष उघडा पडतो. काटकोनात वळवूनही बघायचं, नाहीतर पीळ राहून जातो. तिघी जुळल्या की तिघी सपाट. सुरुवातीला एकही खरी नव्हती, वरून कुणी प्रमाण दिलं नव्हतं. मीमांसक आणि नैयायिक, दोघांनाही ही प्लेट दाखवावीशी वाटते.

१९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्करचा लेथचा कारखाना उभा राहिला, हा इतिहास पुस्तकात राहील. जुने लेथ संग्रहालयात रंगवून ठेवता येतील. पण स्क्रेपर किती दाबायचा, हे काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. ते एका मनगटातून दुसऱ्या मनगटातच जातं.

शेडमालकांनो, मशीन खुशाल विका. तीन सरफेस प्लेट आणि एक स्क्रेपर मात्र ठेवा, आणि म्हातारा फिटर घरी बसायच्या आत आयटीआयचा एक पोरगा त्याच्या शेजारी उभा करा.