मरणाची प्रतवारी

आमच्या सूतगिरणीत रुईच्या गाठी येतात. गाठीला प्रत असते. लांब धाग्याची रुई वरची, आखूड धाग्याची खालची, आणि भाव त्या हिशोबानं. मी रिंगफ्रेमला आहे. रात्रपाळीत तुटलेला धागा जोडता जोडता माणूस खूप विचार करतो, कारण तिथं बोलायला गेलं तर मशीनपुढं आवाज पोचत नाही. गेलं वर्षभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते आहे. रुईची प्रत लावा, रुई काही बोलत नाही. पण माणसाच्या मरणाला प्रत लावायचा अधिकार कुणी कुणाला दिला?

हे डोक्यात घातलं आमच्या आळीतल्या आक्कानं. तिचा नवरा पलटणीत होता. पलटणीत असतानाच गेला, पण गोळी लागून नाही. छातीत कळ आली आणि गेला. पेटी आली त्या दिवशी वरल्या आळीची माणसं पहिल्यांदा आमच्या दारात उभी राहिली. बिगुल वाजला, पोरांनी घोषणा दिल्या, कुणी कुणी भाषणं केली. आठ दिवसांनी दारात कुणी नव्हतं. आक्का होती, दोन पोरं होती, आणि पत्र्याच्या पेटीत कागद होते.

माझी शाळा नववीत सुटली. पुढचं जे काही वाचलं ते पाळीनंतर वाचलं. पण आळीत अर्ज लिहायला मीच, म्हणून तिच्याबरोबर कचेऱ्या फिरलो. पलटणीच्या कागदात तिचं लग्नाआधीचं नाव, आधारवर सासरचं. स्टँप पेपर, प्रतिज्ञापत्र, पुन्हा फोटो, पुन्हा सही. शेवटी एका टेबलावर साहेबानं विचारलं, "मृत्यू सेवेमुळं झाला, की फक्त सेवेत असताना झाला?"

बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "त्यो कुठं मेला, कशानं मेला, समदं इचारत्यात. त्यो कुणाला खायाला घालत हुता, त्ये कुणीच इचारंना."

दोस्तांनो, मी जे पुढं लिहितो आहे ते एवढंच. बाई पायरीवर बसून बोलली, ते मी जरा लांबवून सांगतो.

आधी नियम काय आहे ते बघू. आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते भाषण करतात, पण नियम वाचत नाहीत. सैनिक गेला तर कुटुंबपेन्शनच्या तीन पायऱ्या आहेत. मरण सेवेमुळं नाही असं ठरलं, तर साधी कुटुंबपेन्शन: शेवटच्या पगाराच्या ५० टक्के पहिली दहा वर्षं, मग ३० टक्के. मरण सेवेमुळं आलं असं ठरलं, तर विशेष कुटुंबपेन्शन, ६० टक्के. लढाईत किंवा अतिरेक्यांशी लढताना गेला, तर उदारीकृत कुटुंबपेन्शन, म्हणजे शेवटचा पगार पुरा. याच्यावर केंद्राची एकरकमी मदत. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ पासून तिचे दर असे: ड्यूटीवर अपघातात गेला तर २५ लाख, अतिरेक्यांच्या हल्ल्यात २५ लाख, सीमेवरच्या चकमकीत ३५ लाख, युद्धात शत्रूच्या हातून ४५ लाख. सेवेमुळं नाही असा शिक्का पडला, तर या दरांत तुमची ओळच नाही.

प्रत लागली की नाही? धागा लांब, भाव वर.

आता कुणी म्हणेल, यात वावगं काय? सीमेवर छाती पुढं करणारा आणि अंथरुणात मरणारा, दोघं सारखे कसे? हा प्रश्न खोटा नाही. ज्यानं जाणूनबुजून जीव पुढं केला, त्याचा मान मोठा. मी तो मान कमी करायला निघालेलो नाही. पण मान हा मेलेल्याचा असतो. भाकरी जित्यांची असते. मेलेला कसा मेला याच्यावरनं जित्यांच्या भाकरीचं माप का ठरावं? चकमकीत गेलेल्या जवानाचं पोरगं आणि कळ येऊन गेलेल्या जवानाचं पोरगं एकाच बाकावर बसतात. दोघांची फी सारखी, दोघांच्या पायातला बूट एकाच दुकानातला. एकाला पुरा पगार, दुसऱ्याला दहा वर्षांनी ३० टक्के. पोरानं काय कसूर केली? त्याचा बाप चुकीच्या जागी मेला, एवढीच.

बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेला नाव दिलं, श्रेणीबद्ध विषमता. साधी विषमता असती तर खालचे सगळे एक झाले असते. पण इथं प्रत्येकाला आपल्या खाली कुणीतरी मिळतो, म्हणून कुणी कुणाबरोबर उभं राहत नाही. मरणाच्या या जिन्यावरही तेच होतं. विधवा विधवेकडं बघते आणि मनात म्हणते, तिचा कुठं लढाईत गेला होता?

आणि जिना इथं संपत नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी, आणि पेन्शन ठेवलेली नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला अग्निवीर अक्षय गवते सियाचीनमध्ये गेला. सैन्यानं जाहीर केलं: विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या मुदतीचा पगार, सेवानिधी, आणखी काही. रक्कम लहान नाही, हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. पण दरमहा येणारी कुटुंबपेन्शन त्यात नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनंच शिफारस केली की अग्निवीराच्या घरालाही बाकी जवानांच्या घरासारखेच लाभ द्यावेत. म्हणजे हे आपल्यालाच खुपतं असं नाही.

एकरकमी आणि दरमहा यात फरक फक्त पैशाचा नाही. एकरकमी म्हणजे हिशोब मिटवला. घ्या आणि चला. मग भावकी गोळा होते, कुणाचं कर्ज निघतं, कुणाचा प्लॉट निघतो. दरमहा येतं ते वेगळं. दर महिन्याला सरकार कबूल करतं की या घरातला माणूस आम्ही वापरला, त्या घराचं आमच्याकडं देणं आहे. आणि शब्द बघा, 'सानुग्रह'. अनुग्रह कोण करतो? गुरू करतो, देव करतो, राजा करतो. घेणाऱ्यानं हात जोडायचे. १७ डिसेंबर १९८२ ला नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची खैरात नव्हे, तो हक्क आहे. मग ज्याचा आधार पेन्शन, त्याच्या मागं राहिलेल्यांचा घासही हक्कच असला पाहिजे. कृपा कशाला?

आता आपलं सांगतो. सातारा-सांगली ही पलटणींची भूमी. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची ४६ माणसं पडली. दगडावर आकडा कोरला आहे. त्या ४६ घरांत पुढं चूल कशी पेटली, ते दगडावर नाही. आपण १ जानेवारीला भीमा कोरेगावला जातो, 'नाक' लागलेली नावं बोटानं वाचतो, छाती भरून येते. मीही जातो. पण त्या नावांच्या मागं ज्या बायका राहिल्या, त्यांची नावं कुठल्या खांबावर आहेत? आपणही त्यांना कधी विचारलं?

आपल्या माणसांना पलटण का पाहिजे होती? शौर्य गाजवायला? होय, तेही. पण गावकीत बलुतं होतं, शिळं होतं, मेलेलं जनावर होतं. पलटणीत पगार होता आणि मागं पेन्शन होती. पोरापोरींना शाळा होती. पगार म्हणजे ज्याच्यापुढं वाकावं लागत नाही असा घास. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी, जे स्वतः पलटणीचे पेन्शनर, अर्ज लिहिला. १९१० ला शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट विलायतेला अर्ज धाडला. १९१७ ला युद्धाची गरज पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ ला मोडली. १९४१ ला बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर होते. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पन्नास वर्षं हे भांडण चाललं. ते तलवारीचं भांडण होतं तेवढंच ताठ मानेनं खायच्या भाकरीचंही होतं.

आणि साताऱ्याचंच बघा. सुभेदार रामजी पेन्शनर. त्या घरातलं पोरगं ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. भीमाई साताऱ्यातच गेल्या, १८९६ ला. आई नसलेलं, अस्पृश्य घरातलं पोरगं शाळेत टिकलं, त्याला कारणं पुष्कळ. बापाची शिस्त, आत्याची माया, पोराची स्वतःची जिद्द. पण घरात दरमहा बांधलेला पैसा येत होता, हेही एक कारण आहे. बुद्धीला भाकरी लागते. म्हणून मी म्हणतो, पेन्शनचा प्रश्न हा क्षुल्लक कागदी प्रश्न नाही. कुठल्या पोराला शाळा मिळणार आणि कुणाला वीटभट्टी, ते तिथं ठरतं.

दुसरी गोष्ट बाईची. पैसा मानाला बांधला की बाईही मानाला बांधली जाते. शौर्यपदकाबरोबर दरमहा भत्ता असतो. १९७२ च्या आदेशानं तो विधवेला तिच्या मरणापर्यंत किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळायचा. १९९५ ला सवलत दिली: दिराशी लग्न केलं तर चालू राहील. दुसऱ्या कुणाशी केलं तर बंद. म्हणजे बाई घराण्याची वस्तू, घराण्यातच राहिली पाहिजे. मनू कुठं पोथीतच असतो असं नाही, तो सरकारी परिपत्रकातही नोकरी करतो. ही दिराची अट निघायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाचे आपण वारस. या अटीविरुद्ध आपल्यातल्या किती जणांनी एक साधं पत्रक काढलं? मी काढलं नाही. मला ती अट माहीतच नव्हती.

साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः परीक्षा देऊन सप्टेंबर २०१७ ला सैन्यात अधिकारी झाल्या. सलाम आहे. पण कुणी त्यांचं उदाहरण देऊन आक्काला म्हणू नये की बघ, जिद्द पाहिजे. हक्क हा जिद्दीचं बक्षीस नसतो. खचलेल्या, रडणाऱ्या, सही करताना हात कापणाऱ्या बाईलाही तो तेवढाच मिळाला पाहिजे.

आता जिन्याच्या अगदी तळाला उतरू. गटारात उतरून गुदमरणारा माणूस कुठल्या प्रतीचा? तो बहुतेक आपलाच असतो, आपल्याहून खाली ढकललेला. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्यांच्या घराला दहा लाख द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला ते तीस लाख केले. म्हणजे अक्षय गवते गेला त्याच महिन्यात. एक बर्फात, एक घाणीत. दोघंही दुसऱ्यांनी नीट जगावं म्हणून तिथं गेले होते. गटारातल्याला तिरंगा नाही, बिगुल नाही. बरं, बिगुल नको. पण त्याच्या बायकोला दरमहा काय? आणि आमच्या खात्यातले निम्मे कामगार ठेकेदाराचे, त्यातल्या पुष्कळांचं नाव हजेरीपटावर नाही. पट्ट्यात सापडून त्यातला एखादा गेला तर तो तिथं होता हेच आधी सिद्ध करावं लागतं. सेवेमुळं मेला की सेवेत मेला, हा प्रश्नसुद्धा त्याच्या नशिबी नाही.

तर माझं म्हणणं एवढंच. मान ज्याचा त्याला द्या, वेगवेगळा द्या, पदकं द्या. पण घास एका मापानं मोजा. माणूस कसा मेला हे विचारू नका. तो कुणाला पोसत होता ते विचारा, आणि त्याचं काम ज्यांच्या उपयोगाला आलं त्यांनी ते पोसणं पुढं चालवा. सैनिकाच्या घराचं कमी करा असं मी म्हणत नाही. त्यांना जे मिळतं, तिथपर्यंत बाकीच्यांना वर आणा. वरची पायरी तोडून समता येत नाही.

काही जण म्हणतील, एवढा पैसा आणणार कुठनं? मला सरकारचा हिशोब येत नाही. मला एवढं कळतं की प्रत लावायला बसवलेली माणसं, टेबलं, शिक्के, तपासण्या आणि वर्षानुवर्षं चालणारे खटले फुकट होत नाहीत.

आणि तोपर्यंत आपण काय करायचं? ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या त्या शाळेवर आपण हार घालायला जातो. यंदा हार घाला आणि मग आपापल्या वस्तीत एका तरी विधवेच्या घरी बसा. तिचं नाव पलटणीच्या कागदात, आधारवर आणि बँकेत एकच आहे का बघा. पेन्शनचं काम आता 'स्पर्श' नावाच्या ऑनलाईन पद्धतीवर गेलं आहे. हयातीचा दाखला दरवर्षी त्यावर भरावा लागतो, म्हातारीला ते जमत नाही, आणि दाखला चुकला की पैसा अडतो. तो भरून द्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर जा. 'सेवेमुळं नाही' असा शेरा आला असेल तर मुदतीत अपील करा. तो शेरा म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, त्याच्यावर दाद मागता येते. आणि त्याच दिवशी सफाईवाल्याच्या घरीही जा, ठेकेदाराच्या कामगाराच्या घरीही जा.

आक्काचं अपील आम्ही टाकलं आहे. निकाल नाही. ती शेतात रोजानं जाते, मी पाळीला जातो. परवा वाटेत भेटली तेव्हा विचारलं, "आक्का, काय आलं का?" म्हणाली, "न्हाई बाबा. पोरगं मातर धाव्वीला गेलं." आणि पुढं गेली.

जयभीम.